उकडलेल्या हरभऱ्यांचा श्वास

बेबीताई मनवर कागदावर शिपाई होत्या. घंटा देणं, वर्ग झाडणं, साहेब आले की पाणी नेणं, एवढंच कागदाला ठाऊक. पण दारव्ह्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्यांच्या गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळेची किल्ली अकरा वर्षं त्यांच्याच कमरेला होती. नवरा राजदीप त्याच शाळेत शिपाई. तो काविळीत गेला आणि त्याच्या जागेवर अनुकंपेनं या लागल्या. शिक्षण नववी. अनुकंपा म्हणजे दयाच की, असं कोणी म्हटलं तर बेबीताई झाडू खाली ठेवून विचारायच्या, दया कोणाची, नाव सांगा.

पहिल्याच वर्षी त्यांनी एक प्रयोग पार बिघडवला होता. विज्ञानाच्या गावंडे सरांनी डब्यात लावलेली जास्वंद डब्यासकट कपाटात कोंडली आणि दोन दिवस दार उघडायचं नाही अशी ताकीद दिली. बेबीताईंनी पहिला दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी राहवेना. जिवंत झाड, ऊन नाही, वारा नाही, असा काय गुन्हा केला त्यानं? सर यायच्या आत त्यांनी डबा काढून मागच्या पायऱ्यांवर उन्हात ठेवला आणि शाळा सुटताना परत कपाटात घातला. तिसऱ्या दिवशी सरांनी एका पानाचा मधला भाग काळ्या कागदानं झाकला, झाड चार तास उन्हात ठेवलं, मग पान तोडून उकळलं, स्पिरिटमध्ये घालून त्याचा हिरवा रंग उतरवला आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. जिथं ऊन लागलं तिथं काळंनिळं, जिथं झाकलं तिथं पिवळट, असं व्हायला पाहिजे होतं. अख्खं पान काळंनिळं झालं. दहावीच्या वर्गासमोर सरांनी ते पान तीनदा उलटंपालटं करून पाहिलं.

दारात उभ्या बेबीताईंनी सांगून टाकलं की डबा आपणच उन्हात काढला होता. सर ओरडले असते तर बेबीताईही ओरडल्या असत्या, आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण सर ओरडले नाहीत. त्यांनी ताईंना फळ्याजवळ बोलावलं आणि काय केलं ते वर्गाला सांगायला लावलं. मग ते म्हणाले, झाड उजेडात स्वतःचं जेवण करतं आणि उरलेलं पानात साठवून ठेवतं. अंधारात कोंडलं की तो साठा खाऊन संपवतं. पान असं रिकामं झालं की मगच कळतं, नवं जेवण कुठं बनलं आणि कुठं नाही.

"तुम्ही त्याले मधीच जेवू घातलं, ताई," सर म्हणाले.

वर्ग हसला. बेबीताई हसल्या नाहीत. त्यांना ते पटलं होतं. त्या दिवसापासून जास्वंदीला उपाशी ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी ते इतकं कडक केलं की कपाटाजवळ मुख्याध्यापकांनाही फिरकू देत नसत.

पुढं एकेक प्रयोग हातात बसत गेला. तलावातली पाणवनस्पती नरसाळ्याखाली ठेवून उन्हात तिचे बुडबुडे मोजायचे. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घालून ती दुधाळ करायची. मोड आलेले हरभरे बंद फ्लास्कमध्ये ठेवून ते श्वास घेतात हे दाखवायचं. गावंडे सर रिटायर झाले, जागा भरली गेली नाही. मग पुस्तक गणिताचे सर वाचायचे आणि हात बेबीताईंचे चालायचे. अशी चार वर्षं गेली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण निकाल चांगला लागत होता.

मग प्रयोगशाळा सहायकाचं पद मंजूर होऊन आलं. अट एकच, दहावी पास, विज्ञान घेऊन. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा बंटी दहावी पास होता. त्याला फ्लास्क कुठून धरायचा हे ठाऊक नव्हतं, पण अटीत फ्लास्क धरणं नव्हतं. बेबीताईंनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबर फॉर्म भरला. संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर गावातल्या पोरींसोबत बसून अभ्यास केला. पहिल्या खेपेला सगळे विषय निघाले, विज्ञान चार मार्कांनी राहिलं. अकरा वर्षं ज्याची काचभांडी घासली, नेमका तोच विषय. लेखी त्यांचं कच्चं होतं. तोंडानं घडाघडा सांगतील ते कागदावर येईपर्यंत अर्धं सांडायचं. मुख्याध्यापक म्हणाले, जूनपर्यंत जागा धरतो, पुढं माझ्या हातात नाही. म्हणजे ही शेवटची खेप. आणि भरवसा प्रात्यक्षिकाच्या वीस मार्कांवर.

प्रात्यक्षिक दारव्ह्याच्या एका शाळेत होतं. चोवीस जणांची तुकडी, बहुतेक नापास झालेली पोरं आणि बेबीताई. तिथला परिचर धरमसिंग राठोड ओळखीचा, दर वर्षी साहित्य आणायला गेलं की चहा पाजणारा. त्यानं सहा टेबलांवर सहा फ्लास्क मांडले होते. एका टेबलाला चार जण. प्रयोग श्वसनाचा. फ्लास्कमध्ये मोड आलेले हरभरे, आत दोऱ्यानं लोंबकळती कॉस्टिक पोटॅशची छोटी नळी, बुचातून बाहेर आलेली वाकडी काचनळी आणि तिचं टोक पाण्यात. हरभरे ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पोटॅश शोषून घेतं, आतली हवा कमी होते आणि नळीत पाणी चढतं. मांडणी करायची, तासभर थांबायचं, पाणी कुठवर चढलं ते लिहायचं.

बेबीताईंनी बुचाला व्हॅसलीन लावलं, नळीवर पाण्याच्या पातळीला दोरा बांधला आणि बसल्या. तास झाला. पाणी दोऱ्यापाशीच. त्यांनी बूच तपासलं, पक्कं होतं. दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं, तिथंही तेच. सहाही टेबलांवर पाणी जागचं हललं नव्हतं आणि सगळे खाली मान घालून लिहीत होते. शेजारी बसलेल्या निकितानं लिहिलं होतं, 'नळीतील पाण्याची पातळी दोन सेंटीमीटरने वाढली.' समोरच्यानं तीन लिहिलं होतं. एकाच नळीचं.

बेबीताईंनी ताटलीत उरलेल्यांतला एक हरभरा उचलून चिमटीत दाबला. लोण्यासारखा गेला.

धरमसिंग लांबून पाहत होता. तो फडकं घेऊन टेबल पुसायच्या निमित्तानं जवळ आला.

"ताई, बुकातलं लिहून टाका ना. कायले वांदा करता?"

"हरभरे कोणं देले तुले?"

तानाबाईनं, तो म्हणाला. तानाबाई त्या शाळेत पोषण आहार शिजवायची. धरमसिंगनं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं की परीक्षेच्या साहेबांसाठी मोड आलेले हरभरे ठेवजो. तानाबाईनं ते नीट ऐकलं होतं. बाहेरगावचे साहेब येणार आणि त्यांच्यापुढं कच्चे हरभरे ठेवायचे, असा अपमान तिच्या हातून होणं शक्य नव्हतं.

बेबीताईंनी पेपरावर लिहिलं, 'एक तास पाहिले. पाणी चढले नाही. कारण हरभरे उकडलेले आहेत. मेलेले बी श्वास घेत नाही.' मग आकृती काढली. ती जरा कलली.

परीक्षक ढोले सर पुसदकडचे, रिटायरमेंटला आलेले, शांत गृहस्थ. पेपर गोळा करताना त्यांनी तो वाचला आणि चष्मा वर केला. असं कसं म्हणता, त्यांनी विचारलं. बेबीताईंनी ताटली पुढं केली. सरांनी एक दाणा घेतला, निरखला, मोड होता. दाबला. मग, पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं करू नये ते केलं, म्हणजे तो तोंडात टाकला. थोडा वेळ चावला.

"मीठ आहे," ते म्हणाले.

धरमसिंग हळू आवाजात म्हणाला, तानाबाईनं मिरची नाही टाकली, साहेबांना ॲसिडिटी असते म्हणून.

ढोले सर खुर्चीवर बसले. त्यांच्यापुढं चोवीस पेपर होते. तेवीसांत पाणी चढलं होतं आणि एकात नव्हतं. त्यांनी बेबीताईंना जवळ बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, पोरांनी पुस्तकात असतं तेच लिहिलं, पुस्तक काही खोटं नाही. तुमचा हा पेपर पुढं गेला तर शाळेची चौकशी लागेल. परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. तुम्हीही 'चढलं' असं लिहा, मी अठरा देतो.

अठरा मार्क म्हणजे विज्ञान सुटलंच. अठरा मार्क म्हणजे बंटी घरी. बेबीताईंना हे समजत नव्हतं असं नाही. त्यांनी पेन हातात घेतला सुद्धा. पण त्यांना राग आला, आणि त्यांचा राग कधीच सोयीच्या वेळी येत नसे.

"सर, अकरा वर्सं मी पोरायले सांगतो, दिसते ते लिवा. मले कोणी नापास केलं तर चालते. पण हे पाणी चढलं नाही."

"मग या तेवीस जणांना मी शून्य देऊ का? तुमच्या एकटीसाठी?"

"ते तुमचं तुमी पाहा. मी माहा पेपर लिवला."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, ती वाजवायला धरमसिंग जायला हवा होता, पण तो इथंच होता, तेव्हा कोणी दुसऱ्यानं वाजवली असावी. ढोले सरांनी दोन दाणे आणखी खाल्ले. विचारात असलेला माणूस समोर असेल ते खातो. मग उभे राहून म्हणाले, निरीक्षणात बदल करायचा असेल त्यांनी पेपर परत न्यावा. अर्धा तास देतो. कारणासकट लिहावं.

आधी कोणी उठलं नाही. मग निकिता उठली. तिनं बेबीताईंकडे न पाहता पेपर घेतला आणि ते दोन सेंटीमीटर खोडले. तिच्यामागून एकेक जण. अर्ध्या तासात अठरा जणांचं चढलेलं पाणी उतरलं. पाच जणांचं वरच राहिलं. चौकशी काही लागली नाही.

मार्क किती पडले ते धरमसिंगनं नंतर फोनवर सांगितलं, सांगायचं नसतं तरी. त्या पाचांना अठरा. बेबीताईंना सोळा. त्यांच्यापेक्षा दोन कमी का हे विचारायला त्या दुसऱ्याच दिवशी ढोले सरांना गाठणार होत्या. धरमसिंगनं कारणही सांगून टाकलं, आकृती वाकडी होती. बेबीताईंनी घरी येऊन ती पुन्हा काढून पाहिली. वाकडीच आली. मग त्यांनी सरांना गाठायचं सोडून दिलं.

मे महिन्यात निकाल लागला. विज्ञानात एकेचाळीस. बंटीला संस्थेनं दुसरीकडे कुठंतरी लावलं, त्याचं नुकसान झालं नाही. बेबीताईंच्या कमरेची किल्ली आता कागदावरही त्यांचीच.

यंदा फेब्रुवारीत प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी धरमसिंगचा फोन आला, हरभरे एकदा पाहून जा म्हणून. बेबीताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दारव्ह्याला उतरल्या, स्वयंपाकखोलीत गेल्या, तानाबाईनं ओल्या फडक्यात बांधून ठेवलेले हरभरे सोडले आणि एक दाणा दाबला. टणक होता. तानाबाई बाजूला कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिचं म्हणणं, साहेब लोकांना असं कच्चं देणं बरं दिसत नाही.

बेबीताई म्हणाल्या, साहेबांसाठी वेगळे शिजव, मीठ मागच्यासारखंच टाक.