काटा साठवर आहे

आबांच्या ट्रकचा मागचा एक्सल मोडला, म्हणून भंगारबाजारातून दुसरा आणून बसवला. दिसायला हुबेहूब. आतल्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण जुन्याशी जुळतं का, ते मात्र आम्ही पाहिलंच नाही. आता वेगाचा काटा साठ दाखवतोय, इंजिन बोंबलतंय आणि रस्त्याकडेची बाभळ निवांत मागे सरकतेय.

"ग्रॅज्युएट बाई, लिलावाआधी टोमॅटो पोचतील का?"

"काट्याप्रमाणे पोचतील, आबा. बाभळींप्रमाणे नाही."

"मग खरं कोण?"

घरातली पहिली पदवीधर मी, आणि ते मिरवतेही. पण मी किती पुढे आले, हे पदवीवरून बघायचं की आबांशेजारच्या या लहानपणच्या सीटवरून, तेच कळेनासं झालंय.

आबांनी काट्यावर रुमाल टाकला. आता आम्ही दोघंही बाभळीच बघतोय, आणि मागे टोमॅटो पिकतायत.