काकांकडे एकच नाव

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत मुलांना उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळत नाही, ती लावली जाते. कुणाचे तरी काका कुठल्या तरी कंपनीत असतातच. पॉटलकच्या जेवणाला भरल्या वांग्यांचा ट्रे हातात घेऊन उभ्याउभ्या "पोरीचा रेझ्युमे पाठवून द्या ना," एवढं बोलणं होतं आणि काम फत्ते. पुण्यात याला वशिला म्हणून आम्ही नाकं मुरडायचो. इथे त्याला रेफरल म्हणतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

माझी लेक कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिथे 'स्टुडंट्स ऑफ कलर', म्हणजे गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी नोकरी-इंटर्नशिपचं मार्गदर्शन करणारा एक गट होता. ती त्यात इतरांचे रेझ्युमे तपासायला जायची. "आई, आपण पण त्यात येतो," असं तिने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. माझं अर्धं बालपण चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि हळद लावण्यात गेलं होतं. आपण सावळे आहोत हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. पण त्यासाठी वेगळा गट कशाला, हे काही मला कळत नव्हतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिची रूममेट आमच्याकडे आली. शिकागोच्या दक्षिण भागातली कृष्णवर्णीय मुलगी. आई शहराची बस चालवते, तिला त्या दिवशीही ड्युटी होती. घरातून कॉलेजात गेलेली ही पहिलीच. लेकीने शिकवल्यामुळे ती मला 'मावशी' म्हणत होती आणि मसालेभात मागून घेत होती. इंटर्नशिपसाठी तिने ढीगभर अर्ज केले होते, पण बहुतेक ठिकाणांहून साधं उत्तरही आलं नव्हतं.

जेवायला दोन गल्ल्या पलीकडचे काकाही होते. नवऱ्याचे मित्र, एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी लेकीला विचारलं, "काय गं, समरचं काय? रेझ्युमे पाठव, मी रेफर करतो."

"काका, हिचा पण पाठवू?"

काका त्या मुलीकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "आमच्या वेबसाइटवर सगळं आहे, तिथे अप्लाय कर." ती हसून म्हणाली, "थँक यू. मी सप्टेंबरमध्येच केलंय." काकांचं लक्ष तोवर श्रीखंडाकडे गेलं होतं.

ती परत गेल्यावर लेक माझ्या मागेच लागली. शेवटी मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, मला एकाच नावाची शिफारस करता येते हो. तुमच्या लेकीचं देऊ की त्या पोरीचं? तुम्ही सांगाल तसं."

लेक समोरच उभी होती. मी म्हटलं, "भाऊजी, आपल्या लेकीचंच द्या." अडखळलेही नाही. आईने दुसरं काय म्हणायचं?

लेक वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने काकांना परस्पर कळवलं की माझं नाव काढा, तिचं घाला. मी अशी भडकले! "मोठी कर्णाचा अवतार लागून गेलीस! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला कुणी शिकवलं तुला?"

"आई, इट्स डन," एवढंच उत्तर.

जानेवारीत, कॉलेजला सुट्टी असतानाच, त्या मुलीला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. ऑफिसात मी वर्षानुवर्षं माणसं निवडते, म्हणून सराव घ्यायचं काम लेकीने माझ्यावरच टाकलं. बर्फातून ट्रेनने ती मुलगी आली. मी अजून धुमसतच होते. दोघींना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि एकच प्रश्न टाकला, कामात तुमचं कधी काय चुकलं ते सांगा.

लेकीने मीच पढवलेलं उत्तर दिलं, छान घोटलेलं. त्या मुलीने सांगितलं की वर्गातल्या कामासाठी शहरातल्या बस किती उशिरा येतात याचा हिशेब करताना तिच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने रद्द झालेल्या बसही वेळेवर धरल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तरी तिने प्रोफेसरांना आपणहून सांगितलं आणि सगळं पुन्हा केलं. मी अडवायला आडवेतिडवे प्रश्न विचारले. "हे मला माहीत नाही, पण असं शोधेन," असं म्हणून ती शांतपणे वाट सांगायची. अडायची ती भलत्याच गोष्टींवर. मुलाखतीच्या शेवटी आपणही प्रश्न विचारायचे असतात हे तिला ठाऊक नव्हतं, तिला तो आगाऊपणा वाटायचा. ते सांगायला घरात कुणी नव्हतं. लेकीला मी ते शाळेत असल्यापासून सांगत होते. तो गट कशाला, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये लेक सुट्टीला घरी आली असताना काकांचा फोन आला. "वहिनी, त्या पोरीचं काम झालं. तुमच्या लेकीचं मन मात्र मोठं हो!"

मला भरून आलं. फोन ठेवून मी तसंच लेकीला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"मोठं मन कसलं, आई? तू दोघींना समोर बसवलं होतंस ना? आम्ही तुझ्या कोणी नसतो, तर कुणाला घेतलं असतंस?"

मी आमटी ढवळायला लागले. ती वाट बघत उभीच राहिली.

"तिला," मी म्हणाले.