चाकावरची चव

कोन गावच्या रस्त्याला गाड्या धुणारा तो म्हातारा आधी चाकाला बोट लावायचा आणि ते जिभेवर टेकवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळसच आली. मी तेव्हा रोज उरणकडे कामाला जायचो आणि मोठ्या भरतीला खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं की गाडी त्यातूनच काढावी लागायची.

"आज भरतीचं पानी हाय यात," तो चाखून सांगायचा. मग चाकाची आतली बाजू, नटांच्या खाचा गोड्या पाण्याने धुवायचा आणि पुन्हा चाखायचा. खारट लागलं की परत पाणी. मी घाई केली तर म्हणायचा, "तुमी थांबा साहेब. मीठ थांबत नाय, लोखंड खातंय."

त्याच्या घरचं जासईकडे मिठागर होतं. मिठासाठी पाणी किती खारट झालंय, हे त्याचा बाप असंच चाखून ठरवायचा. पुढे मिठागरावर भराव पडला आणि तिथे कंटेनर उभे राहिले.

त्याच्याकडे शेवटचा गेलो तेव्हा उरणचा रस्ताही भराव घालून उंच झाला होता. त्याने बोट चाखलं, थांबला.

"मीठ नाय," म्हणाला.

"बरंच झालं की," मी म्हणालो.

तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, दुसऱ्या चाकापाशी गेला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. जी चव त्याने इतकी वर्षं धुऊन काढली, तीच तो प्रत्येक चाकावर शोधत होता.