आधी नावं, मग गाऱ्हाणं

साऱ्या घोडेगावात वर्तमानपत्र, रेडिओ आणि दवंडी या तिघांना एकट्याने पुरून उरलेला माणूस एकच झाला, आणि तो आमचा मामा होता. मामा म्हणजे आईचा मानलेला भाऊ. आम्ही मूळचे राजस्थानचे, बाजारपेठेत किराणा विकता विकता मराठीच होऊन गेलेले जैन. आणि मामा आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीतला महादेव कोळी. लग्न होऊन आलेल्या आईला पहिल्या राखीला माहेरहून न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती दुकानामागे डोळे पुसत बसली होती. मामा वाळवलेल्या हिरड्याचं पोतं विकायला आला होता. त्याने पोतं खाली टेकवलं, काय झालं ते विचारलं आणि मनगट पुढे केलं. वडिलांनी त्या दिवशी पोत्याला जरा बरा भाव दिला असावा, पण मामाने ते नातं पुढे भावासाठी कधी वापरलं नाही. दुकानाची अब्रू काढायला मात्र मनसोक्त वापरलं.

नव्वदच्या सुमाराला मामाने कुठूनसा एक जुना टेपरेकॉर्डर पैदा केला आणि त्याच्या वाडीची झोप उडाली. दुकानाच्या एका कोपऱ्यात मी कॅसेटी विकत असे, त्यामुळे या उद्योगाचा तांत्रिक सल्लागार मी झालो. पद्धत अशी होती. कॅसेटच्या पहिल्या बाजूवर मामा बोलायचा: कुणाची गाय कुठल्या कड्याखाली सापडली, कुणाच्या पोरीचं जमलं, दरड कोसळल्यामुळे गाडी कुठवर येते, वरईचं बी कुणाकडे शिल्लक आहे. मग ती कॅसेट मुक्कामी एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. ती पुढच्या वाडीत उतरायची, तिथे कुणाच्या तरी ओसरीवर सगळ्यांनी बसून ऐकायची, आणि दुसऱ्या बाजूवर आपलं म्हणणं भरून परत पाठवायची. शिनोलीच्या चहाच्या हॉटेलात तर बाजारच्या दिवशी ती गिऱ्हाइकांच्या आग्रहाने लागे. डोंगर ओलांडून जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याला दिलेल्या बहिणीलाही एक कॅसेट जायची. तिचं उत्तर बहुतेक रडण्यातच संपायचं, आणि मामा तेसुद्धा सगळ्यांना पूर्ण ऐकवायचा.

मामाच्या या आकाशवाणीला कुणाची भीडभाड नव्हती. एकदा मी दुकानात मोठ्या आवाजात त्याची कॅसेट लावली आणि भरल्या गिऱ्हाइकात त्याचा आवाज आला, ‘आमच्या दाजींचा काटा जरा झोपाळू हाय. माल घालायच्या आदी त्याला एक टिचकी मारा.’ दाजी म्हणजे माझे वडील. त्यानंतर पुढची दोन वर्षं डोंगरातून येणारं प्रत्येक माणूस आमच्या काट्याला टिचकी मारून मगच गूळ मागायचं. वडील धुमसायचे आणि आई पदराआड हसायची. आईचंही नुकसान झालंच होतं म्हणा. नवी कॅसेट घेणं मामाला चैन वाटे. जुन्या कॅसेटची भोकं कागद चिकटवून बुजवायची आणि त्यावरच बोलायचं, हा त्याचा शिरस्ता. एकदा त्याने आईच्या आवडत्या स्तवनांची कॅसेट नेली. ती परत आली तेव्हा महावीरांच्या नावामागोमाग कुणाची तरी काळी शेळी हरवल्याची बातमी होती. आई ती कॅसेट शेवटपर्यंत तशीच ऐकायची, आणि शेळी सापडली का ते मामाला दर राखीला विचारायची.

पण मामाची खरी खोड निराळी होती. त्यांच्याकडे चार वाड्यांच्या वतीने बोलायचं तर आधी नावं घ्यायची रीत. भीमाशंकर पहिला, मग देवराईतला देव, मग सीमेवरचे, पाणवठ्यावरचे देव, मग एकेक वाडी, त्या वाडीतली हयात म्हातारी माणसं आणि नुकती गेलेलीही. एक जरी राहिलं तरी त्या वाडीचा अपमान. गावच्या बैठकीत हे शोभून दिसायचं, कारण तिथे घाई कुणालाच नसते. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. मामाची नावं संपेपर्यंत तिचा जीव निम्म्याहून अधिक खर्ची पडलेला असे. सेल वाचावेत म्हणून तो ते उन्हात शेकवायचा, पेन्सिलीने फीत गुंडाळायचा, पण नावांत काटकसर नाही म्हणजे नाही.

पुढे एका वर्षी मामाच्या वाडीलगतच्या दरीतल्या जंगलाला वनखात्याचं फाटक लागलं. त्या दरीतल्या झाडांचा बाळहिरडा, म्हणजे औषधाला जाणारा कोवळा हिरडा, काढूनच त्या वाड्या पावसाळ्याचं मीठमिरची, कपडेलत्ते भागवत. झाडं घराण्यांनी वाटलेली, नावानिशी ओळखलेली. आता आत जायला बंदी झाली. त्यानंतर काही महिन्यांनी, ज्यांच्या शब्दाने फाटक उघडू शकत होतं असे एक मोठे साहेब घोडेगावच्या विश्रामगृहावर येणार, अशी बातमी आली. म्हाताऱ्यांना इतक्या लांब उतरवत नव्हतं. तेव्हा मामाने ठरवलं की माणसं नाही तर नाही, त्यांचे आवाज खाली न्यायचे. तो टेपरेकॉर्डर पाठीला बांधून वाडी वाडी हिंडला. त्यात एका आजीचं बोलणं होतं. तिने फक्त आपल्या झाडांची वर्णनं केली होती, कुठलं झाड सासूने दाखवलं, कुठल्याच्या सावलीला पोर झालं. मी दुकानात ते ऐकलं आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभा राहिलो.

पण हे सगळं दुसऱ्या बाजूवर होतं. पहिल्या बाजूवर नावं होती. साऱ्या दरीची कैफियत म्हटल्यावर साऱ्या दरीची नावं आलीच, आणि ती कशीबशी त्या अर्ध्या तासात मावली होती. मी मामाला परोपरीने सांगितलं की साहेबांना वेळ नसतो, आजीला आधी घे, देवांना नंतर घे, देव काही रागवायचे नाहीत. मामाने कॅसेट माझ्या हातातून काढून घेतली.

‘ज्याचं नाव घेतलं न्हाई, त्याच्या वतीनं बोलायचं कसं रं भाचं?’

कॅसेट तशीच साहेबांपुढे गेली.

साहेब भला माणूस होता. त्याने खुर्ची ओढली, चहा बाजूला ठेवला आणि पहिली बाजू पूर्ण ऐकली. मधूनमधून मानही डोलावली. बाजू संपून खटका वाजला तसा तो उठला आणि म्हणाला की फार सुंदर, हे पारंपरिक गाणं जपलं पाहिजे. मामा घाईघाईने कॅसेट उलटी करायला गेला. झाकणच उघडेना. ‘साहेब, आजून बोलनं सुरू व्हायचंय,’ तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काय असेल ते लेखी द्यायला सांगितलं आणि जीप निघून गेली. पुढे लेखी दिलंही, मीच लिहिलं. त्याचं काय झालं ते कळलं नाही. फाटक बंदच राहिलं.

मामाला वाटलं होतं, वाड्या त्याला फाडून खातील. झालं उलटंच. जो तो एवढंच विचारी, आमचं नाव साहेबांनी ऐकलं का? ऐकलं म्हटल्यावर माणसं खूश होऊन त्याला भाकरी वाढत. हे त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. फक्त त्या आजीने विचारलं, साहेब माझ्या झाडांबद्दल काय म्हणाला? मामाला खोटं बोलता आलं नाही. तुझ्यापर्यंत टेप गेलाच नाही, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, बरं, पुढच्या खेपेला लवकर घे मला. पुढची खेप यायच्या आत ती गेली.

त्यानंतर मामा बदलला. नावं घेणं त्याने बंद केलं. कॅसेट सुरू झाली की थेट मुद्दा, सरकारी माणसासारखा. मी मनातून खूश झालो, म्हटलं आता खरं काम होईल. पण कॅसेटी परत येऊ लागल्या त्या दुसरी बाजू कोरी ठेवून. कुणाचं नावच घेतलेलं नाही, तर बोलावलंय कुणाला, असं वाड्यांना वाटलं असणार. मामा त्या कोऱ्या बाजूसुद्धा शेवटपर्यंत वाजवून बघायचा, म्हणे एखादं माणूस उशिरा बोलायला लागतं. वर्षभरात कंडक्टरच्या हाती द्यायला कॅसेट उरली नाही. मला त्याच्या शहाणपणाचं जितकं कौतुक तेव्हा वाटलं, तितकंच आता वाईट वाटतं. त्याचा वेडेपणा आम्हा सगळ्यांना पुरला असता.

आता कुणीही फोनपुढे बोलतो आणि ते दुनियाभर ऐकलं जातं म्हणतात. मामाला दुनिया नको होती. त्याला त्या दरीतल्या वाड्या एकमेकींशी बोलायला हव्या होत्या.

तो शेवटचा दुकानात आला तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी राखीच्याच दिवशी आला. माझ्या बायकोने त्याला राखी बांधली. नियम बदलले होते आणि त्या वर्षी दरीचं फाटक निघालं होतं, हे मला ठाऊक होतं. मी उत्साहाने विचारलं, मामा, हिरडा काढला की नाही? तो म्हणाला की वैशाखात गेलो होतो. झाडं लगडलेली होती. खाली सडा पडला होता, पायाखाली हिरडा फुटत होता. बरोबर यायला वाडीत कुणी नव्हतं. पोरं मंचर, नारायणगावला मजुरीला, काही पुण्याला, आणि उरलेल्यांना झाडावर चढवत नव्हतं.

‘आता आडवाया बी कुणी न्हाई आन येचाया बी कुणी न्हाई,’ तो म्हणाला.

मी कपाटातून एक कोरी कॅसेट काढली. विकायला ठेवलेल्यांतली शेवटचीच असेल. म्हटलं, मामा, हे एवढं बोल. अगदी पहिल्यासारखं बोल, नावं घेऊन. त्याने कॅसेट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवली.

‘बोलतो की. पर धाडू कुनाला, तेवढं सांग.’

मी एकेक वाडी आठवत गेलो. टेप ऐकायला ओसरीवर चार माणसं जमतील, अशी एकही वाडी मला सांगता येईना.