न खणलेला खड्डा

माझुरी या तळ्यांच्या मुलुखातल्या सरकारी रोपवाटिकेत ओतिल्या एकवीस वर्षं कामाला होती. ऑगस्ट सरला की पेरणीआधी जमिनीत मुळं खाणारी हुमणी किती आहे ते पाहायचं काम तिचंच. गुडघाभर खोल खड्डे खणायचे, माती चाळायची, सापडलेल्या अळ्या मोजून कागदावर आकडा लिहायचा.

त्या वर्षी कालिना नावाची नवी वनाधिकारी आली होती. सहा खड्ड्यांत काहीच निघालं नाही. सातवा तळ्याकडच्या कोपऱ्यात होता आणि आभाळ भरून आलं होतं.

“काकू, तिथंही शून्यच असणार. लिहून टाका नि चला, चहा घेऊ.”

ओतिल्या कुदळ उचलून चालू लागली.

“अहो, सहा कोरे गेले की!”

“मी एकदा लिहिलंय, न खणता शून्य,” ओतिल्या मागे न बघता म्हणाली.

खणता खणता तिनं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. भिजून कंटाळली होती, एवढंच. त्या वाफ्यात पाइन पेरले. पुढच्या जूनमध्ये रोपं पिवळी पडली. धरलं की अलगद हातात येत, खाली मूळच नाही. चाळीस हजार रोपं गेली. मुळं कुणी नीट पाहिली नाहीत. पाणी देणाऱ्या झेनॉनवर खापर फुटलं आणि त्याला काढून टाकलं. तो लाकडाच्या गिरणीत लागला. ओतिल्या गप्प राहिली.

“झेनॉनना सांगितलंत कधी?”

“नाही.”

सातव्या खड्ड्यात पाच अळ्या निघाल्या, बोटाएवढ्या. त्या कोपऱ्यात ओक न पेरता बकव्हीट, म्हणजे कुट्टू, पेरायचं ठरलं. ते हुमणीला मानवत नाही.

रविवारी ओतिल्या झेनॉनकडे गेली. तो अंगणात अळंबी निवडत होता. तिचं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली.

“बारा वर्षं, ओतिल्या. दर रविवारी चर्चच्या वाटेवर भेटत होतीस.”

“हो.”

“मला सांगून काय उपयोग? कचेरीला लिहून दे.”

तिनं दिलं. कालिनानं तो कागद वरच्या कचेरीत पाठवला. ओतिल्याला लेखी ताकीद मिळाली. झेनॉनला चार ओळींचं पत्र आलं: दोष त्याचा नव्हता. ते त्यानं बायकोकडून दोनदा वाचून घेतलं.

ओतिल्याशी तो अजून बोलत नाही. ती समोरून आली तर टोपीला हात लावतो. तेवढं तो आधीही करत असे, पण तेव्हा ती मान खाली घालून जात असे.