मिस्त्रीचा कान

पोलादपूरच्या गॅरेजातला मिस्त्री चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि दुखणं सांगायचा. तो ‘जा’ म्हणाला, की मगच ड्रायव्हर कशेडी घाट चढायला निघत.

एकदा मी मुंबईहून आणलेली प्रयोगशील रॉकची कॅसेट त्याच्या टेपवर लावली. मीही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. गिटार पत्रा खरवडल्यासारखी वाजत होती, ड्रमचा ठेका मध्येच तुटत होता. त्यानं स्पीकरला स्क्रूड्रायव्हर टेकवला.

“बिघाड नाय हाय रे ह्यात. मुद्दाम करतायत!”

मग तो उठला, बसला, पुन्हा उठला. बाहेर त्यानंच ‘जा’ म्हटलेला ट्रक निघत होता. धावत जाऊन त्यानं तो थांबवला. इंजिन तीनदा ऐकलं. आवाज स्वच्छ होता. “बिघाड नसताना तसला आवाज निघतो, मग बिघाड असून साफ निघाला तर?” तो पुटपुटला. तरी त्याच्या तोंडून ‘जा’ निघेना.