वरचं पुसलं, खालचं राहिलं

सरोदेमॅडमची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात, राहात्याजवळच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. मी नवा अधिव्याख्याता. चपला बाहेर काढून संगणक प्रयोगशाळेत शिरलो, तर मॅडम मुलांना एकावर एक रचलेल्या दोन डिस्कांची गंमत सांगत होत्या. खालची फक्त वाचायची, वरची लिहायची. पडद्यावर दोन्ही मिळून एकच दिसे. खालची फाईल पुसायला गेलं तर ती पुसली जात नसे, वरच्या डिस्कवर नुसती तिला झाकणारी खूण उमटे. वरची फाईल पुसली तर मात्र ती कायमची जाई. मॅडमचे "वरचं" आणि "खालचं" हे शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसले. तेच पुढे अंगाशी आले.

दर शनिवारी मॅडम खालची डिस्क तेवढ्यापुरती उघडून मुलांचं काम वरून खाली नेत आणि पुन्हा कुलूपबंद करत. आम्ही त्याला शनिवारचा उपास म्हणायचो. त्या हसून सोडून देत.

मुलांच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि त्याआधी तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी फोनवर निरोप दिला, "वरचं तेवढं साफ करून घ्या." त्यांना टेबलांवरची धूळ म्हणायची होती. आमचे सहकारी भालेरावसर भलतेच आज्ञाधारक. त्यांनी संगणकापुढे बसून दिसेल ते पुसून टाकलं.

मी पडदा पाहिला. एकही फाईल नव्हती. घोडेगावची सुनीता भिंतीला टेकून उभी राहिली. "मॅडम, समदं गेलं. आता परीक्षेला काय दाखवू?"

मॅडमचा चेहराही पांढराफटक झाला होता. "तुझं गेलं नाही गं, झाकलं गेलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी वरची डिस्क बाजूला काढली, तिच्याबरोबर झाकणाऱ्या खुणाही गेल्या आणि शनिवारपर्यंतचं सगळ्यांचं काम जसंच्या तसं दिसू लागलं. सुनीता रडता रडता हसली. भालेरावसरांना तर तोंड दाखवायची चोरी झाली होती. मॅडमनी त्यांना चहा पाजला.

मी सहज विचारलं, "मॅडम, तुमचा पीएच.डी.चा प्रबंध?"

"तो वरच होता."

खाली जागा थोडी होती, ती त्यांनी मुलांना दिली होती. कित्येक वर्षांची मेहनत गेली होती आणि ही बाई मुलांच्या फाईली तपासत बसली होती. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. नंतर घर, नोकरी यांत प्रबंध मागेच पडला. म्हणून मॅडमच्या नावाआधी आजही डॉक्टर लागत नाही.

साठाव्या वर्षी त्यांनी पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि दर शनिवारी त्यांनी आता स्वतःचंही काम खाली न्यावं, एवढीच हात जोडून विनंती.